ज्येष्ठांसाठीचा शिक्षणक्रम यशस्वी होतो तो कशामुळे?

ज्येष्ठांसाठी सुरू केलेल्या वर्गाची खरी कसोटी पहिल्या दिवशी लागत नाही. ती चौथ्या-पाचव्या आठवड्यात लागते. पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडतात, नावे उत्साहाने नोंदवली जातात, नव्या वह्या उघडल्या जातात. महिनाभराने त्याच खोलीतल्या मागच्या तीन रांगा रिकाम्या असतात आणि उरलेल्यांपैकी काही जण केवळ शेजाऱ्याला सोबत म्हणून येत असतात. अशा वेळी आयोजक बहुधा एकच निष्कर्ष काढतात, की या वयात आता नवे काही डोक्यात शिरत नाही, आणि पुढच्या वर्षी शिकवण्याऐवजी नुसते मनोरंजनाचे कार्यक्रम ठेवतात. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. कोणाला नीट ऐकू येत नव्हते, कोणाला वेग झेपत नव्हता, कोणाला चारचौघांत चुकल्यावर ओशाळे वाटले होते, तर कोणाला जे शिकवले जात होते त्याचा आपल्या आयुष्याशी काही धागाच सापडला नव्हता. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आयोजकांना बदलता येण्यासारखी असते.

ज्येष्ठांविषयीचा आदर भाषणात सगळेच व्यक्त करतात. तो वेळापत्रकात, खोलीच्या निवडीत, अक्षरांच्या आकारात, शिकवण्याच्या वेगात आणि निर्णय कोण घेते यात उतरला आहे का, हे पाहिले की एखादा शिक्षणक्रम टिकेल की विरेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातल्या दर सहा माणसांपैकी एक साठ वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल. एवढ्या मोठ्या समाजाच्या शिकण्याचा प्रश्न केवळ सदिच्छेवर सोडून चालणार नाही. त्यामागचे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे, आणि ते फारसे अवघडही नाही.

काय मंदावते, काय वाढते

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल आणि त्यांच्यानंतर जॉन हॉर्न यांनी बुद्धीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. पूर्वी कधीही न पाहिलेले कोडे सोडवताना, अनोळखी माहिती झटपट जुळवताना जी बुद्धी वापरली जाते तिला प्रवाही बुद्धी म्हणता येईल. शब्दसंपत्ती, अनुभवातून आलेली पारख, एखाद्या व्यवसायात मुरलेली समज ही संचित बुद्धी होय. पहिली तरुणपणी शिखर गाठून हळूहळू उतरणीला लागते. दुसरी पुढे कित्येक वर्षे वाढत किंवा टिकून राहते. के. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात त्याच माणसांची दर सात वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली जात असे. त्यातून असे दिसले की वेगाशी निगडित कामे सोडली तर बहुतेक बौद्धिक क्षमतांमध्ये साठीपूर्वी फारशी घट होत नाही, आणि नंतर जी घट होते ती माणसागणिक अतिशय वेगळी असते. सत्तरीच्या दोन माणसांत जितका फरक असतो तितका विशीच्या दोन तरुणांत सहसा नसतो. त्यामुळे 'ज्येष्ठांना असे असे जमते' हे विधान वर्गाची आखणी करताना फारसे उपयोगी पडत नाही. समोर बसलेल्या वीस माणसांचे वीस वेग असतात.

मंदावते ते प्रामुख्याने माहिती हाताळण्याचे काम. टिमथी सॉल्टहाउस या संशोधकाने मांडलेले स्पष्टीकरण येथे उपयोगी आहे. एखाद्या कामाच्या पाच पायऱ्या असतील, तर पाचव्या पायरीपर्यंत पोहोचताना पहिलीचा निष्कर्ष मनात ताजा असावा लागतो. हाताळणीचा वेग कमी झाला की शेवटच्या पायरीपर्यंत जाईस्तोवर पहिली निसटून गेलेली असते. माणसाला प्रत्येक पायरी समजलेली असते, पण त्या सगळ्या एका वेळी हाताशी राहत नाहीत. शिकवणाऱ्याने बोलण्याचा वेग थोडा कमी केला, दोन पायऱ्यांमध्ये खरोखरीची उसंत दिली आणि पायऱ्या कागदावर लिहून दिल्या, तर हा अडथळा मोठ्या प्रमाणात दूर होतो. वेगाची सूत्रे शिकणाऱ्याच्या हाती दिली तर तो जवळजवळ उरतच नाही.

एक प्रसंग मला वारंवार आठवतो. मोबाईल शिकवण्याच्या एका वर्गात एक आजी पडद्यावरच्या चित्रावर बोट टेकवत होत्या आणि दर वेळी चित्र उघडण्याऐवजी जागचे हलू लागत होते. शिकवणारा तरुण तिसऱ्यांदा म्हणाला, "आजी, फक्त टच करा ना." त्या टचच करत होत्या. पण बटण म्हटले की ते जोर देऊन दाबायचे, ही साठ वर्षांची सवय बोटांत होती आणि मोबाईलला तो दीर्घ दाब म्हणजे वेगळीच आज्ञा वाटत होती. त्यातच वयाने बोटांची त्वचा कोरडी झाली की काही पडद्यांना स्पर्श नीट कळतही नाही. शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अहो, भांडं तापलंय का बघताना बोट कसं लावतो आपण? तसं लावा, आणि लगेच उचला." चित्र पहिल्याच खेपेला उघडले. तरुणाची सूचना चुकीची नव्हती. तिला धरायला आजींच्या अनुभवात काही आधार नव्हता, एवढेच. संचित बुद्धीचा उपयोग म्हणतात तो हाच. नवी गोष्ट जुन्या गोष्टीच्या खुंटीला टांगता आली की ती राहते. त्यासाठी शिकवणाऱ्याला विषयाइतकीच समोरच्याच्या आयुष्याची माहिती असावी लागते, आणि ही माहिती पहिल्या तासाला विचारून घेणे हा वेळेचा अपव्यय मुळीच नाही.

कान, डोळे आणि खोली

शिक्षणशास्त्राच्या चर्चेत खोलीचा विषय किरकोळ मानला जातो. ज्येष्ठांच्या बाबतीत तो अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा आहे.

वयाबरोबर ऐकू येणे कमी होते याचा अर्थ सगळे आवाज सारखेच बारीक होतात असा नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून ते ऐकू येतात. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांचा बराचसा ध्वनी वरच्या पट्टीत असतो, म्हणून ती पुसट होतात. 'साठ' म्हटलेले 'आठ' ऐकू येते. ऐकणाऱ्याला आवाज आल्याचे कळते, शब्द मात्र कळत नाही, आणि तो संदर्भावरून अंदाज बांधत राहतो. अंदाज बांधण्यात मनाची इतकी शक्ती खर्च होते की ऐकलेले लक्षात ठेवायला फार थोडी उरते. याच माणसाविषयी आपण नंतर म्हणतो की त्याच्या लक्षात राहत नाही. मोठ्याने ओरडून हा प्रश्न सुटत नाही, कारण ओरडताना स्वर मोठे होतात आणि व्यंजने होती तिथेच राहतात. समोर तोंड करून, उजेडात उभे राहून, सुटे आणि स्पष्ट बोलणे उपयोगी पडते, कारण ओठांची हालचालही शब्द ओळखायला मदत करते. फळ्याकडे तोंड करून बोललेले वाक्य निम्म्या वर्गासाठी वाया गेलेले असते. घुमणारे सभागृह, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, उघड्या खिडकीतून येणारा रस्त्याचा आवाज, यांतले एकेक कमी केले तरी शिकण्यात फरक पडतो. ध्वनिक्षेपक शिकवणाऱ्याच्या हातात असतो, पण मागून प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात तो नसतो. त्यामुळे उत्तर सगळ्यांना ऐकू येते आणि प्रश्न कोणालाच नाही. प्रश्न पुन्हा मोठ्याने सांगून मगच उत्तर द्यायचे, एवढा नियम पाळला तरी वर्गाची लय बदलते.

डोळ्यांचेही असेच आहे. वयाच्या विसाव्या वर्षी डोळ्याच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठाव्या वर्षी पोहोचतो. बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जाते. म्हणून तरुण आयोजकाला पुरेशी उजळ वाटणारी खोली ज्येष्ठांना अंधारी वाटू शकते. करड्या कागदावरची निळी अक्षरे सुबक दिसतात आणि वाचता येत नाहीत. मोठा टाईप, पांढऱ्यावर काळे, ओळींमध्ये मोकळी जागा आणि चकाकी नसलेला कागद, एवढे पुरते. जिने, स्वच्छतागृहाचे अंतर, हात टेकून उठता येईल अशा खुर्च्या आणि तासाभराने मिळणारी सुटी यांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही, पण आखणी करताना ही यादी सर्वांत आधी पाहावी. खोली निवडायची वेळ आली की ती स्वस्तात मिळते का हे पाहिले जाते. तिथे पोहोचता येते का हे नंतर कळते.

वेळेबद्दलही काही ठाम सांगता येते. लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात असे आढळले की बहुतेक ज्येष्ठ सकाळच्या प्रकृतीचे असतात आणि लक्ष एकवटण्याची कामे त्यांना दुपारनंतरच्या तुलनेत सकाळी चांगली जमतात. सभागृह रिकामे असते म्हणून दुपारी चारची वेळ देणारे आयोजक नकळत शिकणाऱ्यांच्या दिवसातला पडता तास निवडत असतात.

माणसे का येतात

हॉवर्ड मॅकक्लस्की हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ज्येष्ठांच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक मानले जातात. १९७१ मध्ये अमेरिकेत वार्धक्याविषयीची राष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्यांनी ज्येष्ठांच्या शैक्षणिक गरजांची जी मांडणी केली ती अजूनही उपयोगी आहे. रोजचे जगणे सांभाळण्यासाठी लागणारे शिक्षण ही पहिली गरज: आरोग्य, पैशांचे व्यवहार, नवी साधने. केवळ आवडीसाठी, आतून येणाऱ्या आनंदासाठी शिकणे ही दुसरी. आपल्याकडचे काही इतरांना देता यावे ही तिसरी. आपल्या भोवतालच्या निर्णयांवर आपला काही प्रभाव असावा ही चौथी. आणि शरीर थकत असताना त्या पलीकडचा अर्थ शोधावा ही पाचवी. बहुतेक शिक्षणक्रम पहिल्या दोन गरजांपाशी थांबतात. तिसरी आणि चौथी गरज जिथे भागवली जाते तिथे माणसे टिकतात, असे माझे निरीक्षण आहे. कारण मोबाईल एकदा येऊ लागला की त्या वर्गाला येण्याचे कारण संपते, पण आपल्याशिवाय एखादे काम अडते ही जाणीव संपत नाही.

मॅकक्लस्की यांची आणखी एक कल्पना आयोजकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. माणसावर एकीकडे भार असतो आणि दुसरीकडे तो पेलण्याचे बळ असते. या दोहोंतली जी शिल्लक उरते तिच्यातून माणूस शिकतो. निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो हा समज या कसोटीवर टिकत नाही. आजारी जोडीदाराची शुश्रूषा, नातवंडांची ने-आण, स्वतःच्या तपासण्या, एकामागून एक येणारी मित्रांच्या निधनाची वार्ता, हे सगळे भाराच्या पारड्यात असते. तीन तास बुडाले तर नाव कमी होईल असा नियम करणारा वर्ग नेमका ज्यांना शिकण्याची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच गमावतो. दोन महिने येता आले नाही तरी परत येताना संकोच वाटू नये, अशी रचना करावी लागते: प्रत्येक सत्र शक्यतो आपल्यापुरते पूर्ण असावे, मागचे टिपण सहज मिळावे, आणि परतलेल्या माणसाला 'इतके दिवस कुठे होतात' याऐवजी 'या, इथे बसा' असे ऐकू यावे.

लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनाने हेच वेगळ्या बाजूने सांगितले आहे. पुढचा काळ मर्यादित आहे असे माणसाला जाणवू लागले की तो दूरच्या फायद्यापेक्षा आजच्या अर्थपूर्ण क्षणाला आणि जवळच्या नात्यांना महत्त्व देऊ लागतो. 'पुढे कधीतरी उपयोगी पडेल' हे तरुणांना पटणारे कारण ज्येष्ठांच्या वर्गात निष्प्रभ ठरते. शिकलेले या आठवड्यात कोणासाठी तरी वापरता आले पाहिजे. परदेशी असलेल्या नातीचा चेहरा पडद्यावर पाहणे हे एका तासात साध्य होणार असेल, तर त्या तासाला कोणी गैरहजर राहत नाही.

कोणी कोणाला शिकवायचे

ज्येष्ठांच्या शिक्षणाच्या इतिहासात दोन वाटा स्पष्ट दिसतात. १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे प्राध्यापक पिएर वेला यांनी तिसऱ्या वयाचे विद्यापीठ सुरू केले. नोकरी आणि मुलांचे संगोपन संपल्यानंतरचा, परंतु परावलंबन येण्यापूर्वीचा काळ म्हणजे तिसरे वय. येथे विद्यापीठातले प्राध्यापक शिकवत आणि विद्यापीठाची साधने ज्येष्ठांसाठी खुली होत. ही कल्पना ब्रिटनमध्ये पोहोचली तेव्हा पीटर लॅस्लेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तिचे रूपच पालटून टाकले. विद्यापीठ हा शब्द त्यांनी मूळ अर्थाने घेतला: शिकू इच्छिणाऱ्यांचा समुदाय. सभासदच गट चालवतील, आज इतिहास शिकवणारा उद्या चित्रकलेच्या गटात विद्यार्थी होईल, प्रवेशासाठी पात्रता लागणार नाही, परीक्षा आणि पदवी असणार नाही. खर्च कमी लागत असल्याने हे गट घरांमध्ये, ग्रंथालयांत, लहान सभागृहांत भरू लागले आणि झपाट्याने पसरले. अशाच धर्तीचा एक प्रयोग त्याआधी, १९६२ मध्ये, न्यूयॉर्कमधील न्यू स्कूल येथे निवृत्त शिक्षकांच्या पुढाकाराने सुरू झाला होता. चीनने शासनाच्या आधाराची तिसरी वाट धरली. तेथील ज्येष्ठांचे पहिले विद्यापीठ १९८३ मध्ये शानतोंग प्रांतात स्थापन झाले.

यातली कोणती वाट बरी, याचे एकच उत्तर नाही. कायदा, वैद्यक किंवा खगोलशास्त्र यांसारख्या विषयात जाणकार शिक्षक लागतोच, आणि समवयस्काने आत्मविश्वासाने सांगितलेली चुकीची माहिती घातक ठरू शकते. परंतु केवळ बाहेरून आलेल्या तज्ज्ञांवर चालणारा वर्ग निधी किंवा तज्ज्ञ आटला की बंद पडतो. सभासदांनी चालवलेल्या गटाची मुळे खोल असतात, कारण विषय निवडणे, खोली मिळवणे, गैरहजर सभासदाला फोन करणे ही कामे सभासदांचीच असतात आणि त्या कामांतूनच ते बरेच काही शिकतात. माझा कल दोहोंच्या मिश्रणाकडे आहे: अवघड विषयाला बाहेरचा शिक्षक आणि बाकी सर्व कारभार सभासदांकडे.

सभासदांच्या हाती दिलेल्या गटांचा एक दोष मात्र लपवू नये. तेथे आधीपासून शिकलेली, बोलकी, बऱ्या परिस्थितीतली माणसे सहज पुढे येतात. लहानपणी ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, ज्यांच्यासाठी वर्ग म्हणजे छडी आणि अपमान यांची आठवण आहे, ते दारापर्यंतही येत नाहीत. पुरुषांची संख्याही बहुतेक ठिकाणी कमी असते. जाहिरातीने ही मंडळी येत नाहीत. ज्याच्यावर त्यांचा विश्वास आहे असा माणूस सोबत घेऊन आला, आणि पहिल्या तासाला लिहायला-वाचायला लावण्याऐवजी हाताने करायचे किंवा बोलायचे काही ठेवले, तर येतात.

सोपे करावे, पण पातळ करू नये

ज्येष्ठांसाठी म्हणून आखलेल्या कार्यक्रमांत एक चूक मोठ्या मायेने केली जाते: सगळे इतके सोपे केले जाते की शिकण्यासारखे काही उरतच नाही. रंग भरा, कोडी सोडवा, गाणी ऐका. वेळ बरा जातो, पण त्याच्या पुढे काही घडत नाही.

डलास येथील डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. ६० ते ९० या वयोगटातल्या सहभागींपैकी काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना गोधडीसारखे कापड जोडून शिवण्याची कला, तर काहींना दोन्ही शिकवण्यात आले. तेही आठवड्याला सुमारे १५ तास, साधारण तीन महिने. दुसऱ्या गटातील माणसे तितकाच वेळ एकत्र जमत, सहलींना जात, गप्पा मारत, परंतु नवे आणि कष्टाचे असे काही शिकत नसत. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली, विशेषतः छायाचित्रण शिकणाऱ्यांची. नुसत्या सहवासाने तो परिणाम दिसला नाही. सहवास निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. एकटेपणावर तोच उतारा आहे. परंतु मनाला ताण देणारे, सलग, दीर्घकाळ चालणारे शिक्षण वेगळेच काम करते. रेचल वू यांच्या गटाने तर ज्येष्ठांना परभाषा, चित्रकला, संगीतरचना, टॅबलेटचा वापर यांसारखी अनेक कौशल्ये एकाच वेळी शिकवून पाहिली आणि ती माणसे टिकली, शिकली.

याउलट, बुद्धीचा व्यायाम म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांबाबत आयोजकांनी सावध असावे. अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या 'अ‍ॅक्टिव्ह' या मोठ्या चाचणीत स्मरण, तर्क आणि वेग यांचे स्वतंत्र प्रशिक्षण देण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्याचा सराव केला तेच सुधारले. तर्काच्या सरावाने स्मरण वाढले नाही. म्हणून शिक्षणक्रमाच्या पत्रकावर 'विस्मरण टाळा' असे आश्वासन छापणे प्रामाणिक नाही. आपण छायाचित्रण शिकवत असू, तर छायाचित्रण शिकवतो असे म्हणावे. ते पुरेसे मोलाचे आहे.

आव्हान आणि भीती यांत मात्र अंतर राखावे लागते. २००१ मध्ये तमारा रहाल, लिन हॅशर आणि स्टॅन्ली कोलकोम्ब यांनी केलेला प्रयोग प्रत्येक शिकवणाऱ्याने माहीत करून घ्यावा. तरुण आणि ज्येष्ठ अशा दोन्ही गटांना सामान्यज्ञानाची काही विधाने देऊन नंतर त्यांवर प्रश्न विचारण्यात आले. ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे असे बजावले तेव्हा ज्येष्ठ मागे पडले. त्याच स्वरूपाचे काम स्मरणाचा उल्लेख टाळून दिले तेव्हा दोन्ही गटांतला फरक दिसेनासा झाला. 'आता बघू या, मागच्या वेळचे कोणाकोणाच्या लक्षात आहे' हे वाक्य शिकवणारा अगदी सहज बोलून जातो, आणि त्या वाक्याने समोरच्याच्या मनातली जुनी धास्ती जागी होते.

तरीही मागचे आठवून पाहणे टाळता येत नाही, कारण शिकलेले पक्के होते ते आठवण्याच्या कष्टानेच. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, आणि पुढच्या संशोधनाने हेही सिद्ध केले की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा मनातून आठवून काढणे परिणामकारक असते. ही दोन्ही तत्त्वे ज्येष्ठांनाही लागू पडतात. मग करायचे काय? जोडीने एकमेकांना सांगायला लावावे. घरी कोणाला तरी शिकवून यायला सांगावे. शिकवणाऱ्याने स्वतः मुद्दाम एक पायरी चुकवावी आणि वर्गाला ती पकडू द्यावी. यात आठवण्याचे कष्ट होतात आणि परीक्षेचा वास येत नाही. उपकरणे शिकवताना आणखी एक पथ्य आहे: शिकणाऱ्याच्या हातातला मोबाईल किंवा माऊस आपल्या हातात घ्यायचा नाही. 'द्या इकडे, मी करून देतो' यात मदत होते, शिकवणे होत नाही.

यश मोजायचे कसे

नावनोंदणीचा आकडा अहवालात छान दिसतो, पण तो जाहिरातीचे यश मोजतो. शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायांवरही फार विसंबू नये. ज्येष्ठ माणसे शिकवणाऱ्याचे मन राखतात आणि सगळ्या चौकटींत 'उत्तम' लिहून देतात. त्याहून खरे सांगणाऱ्या खुणा साध्या असतात. तीन महिन्यांनी तो माणूस शिकलेले काम कोणाच्या मदतीशिवाय करतो का? तो पुढच्या सत्राला एखाद्या ओळखीच्या माणसाला घेऊन आला का? एक दिवस शिक्षक आला नाही, तर वर्ग घरी गेला की आपापला सुरू झाला? सभासदांनी सुचवलेला एखादा तरी बदल प्रत्यक्षात आला का? अमेरिकेत १९७५ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील पाच शिक्षणसंस्थांत एल्डरहॉस्टेल हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात २२० ज्येष्ठांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत राहून आठवडाभर शिक्षण घेतले. परीक्षा नव्हती, गृहपाठ नव्हता, प्रमाणपत्राचे आमिष नव्हते. पुढे तो उपक्रम देशभर आणि देशाबाहेर पसरला, यात पहिल्या तुकडीने घरी जाऊन जे सांगितले त्याचा वाटा मोठा असणार.

सर्वांत उपयुक्त माहिती मात्र जे यायचे थांबले त्यांच्याकडे असते आणि त्यांना सहसा कोणी विचारत नाही. ज्या वर्गाशी माझा संबंध होता तेथे आम्ही एकदा गळालेल्या प्रत्येकाला फोन केला. तक्रार करायला लागेल असे वाटून बहुतेकांनी आधी प्रकृतीचे कारण दिले. थोडे थांबून, दुसऱ्यांदा विचारल्यावर खरी कारणे निघू लागली. एका काकांना मागे बसून काही ऐकू येत नव्हते, पण पुढच्या रांगेत 'हुशार मंडळी' बसतात असा त्यांचा समज झाला होता. एका बाईंचे उत्तर एकदा चुकले आणि दोघेजण हसले होते. एकांना टिपणातली अक्षरे लागत नव्हती आणि हे सांगायची लाज वाटत होती. आणखी एकजण तर वाट पाहत होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे सहा आठवडे बुडाले होते आणि आता परत आलेले चालते का, हे विचारायचे कोणाला ते त्यांना माहीत नव्हते. पुढच्या आठवड्यात आम्ही रांगा मोडून खुर्च्या गोल मांडल्या आणि टिपणांचा टाईप वाढवला. फोन केलेल्यांपैकी काही परत आले, काही आले नाहीत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले काका वेळेच्या अर्धा तास आधीच येऊन बसले होते.